३९९ रुपयांचा फोन: पार्ल्यातल्या एका घराचा तीन वर्षांचा हिशेब

ज्येष्ठ नागरिकांना फोन, बँक, वीजबिल अशा कामांत मदत करणाऱ्या आमच्या छोट्या गटाकडे आलेलं हे एक प्रकरण. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रकमा त्या घरच्याच आहेत. सविस्तर लिहिण्याचं कारण असं, की फायबरवरचा घरचा फोन आज सगळीकडे 'फुकट' म्हणून दिला जातो. घरात एकटं राहणारं, कमी ऐकू येणारं माणूस असेल, तर 'फुकट' ऐकून लगेच सही करू नये असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

विमलताई (नाव बदललेलं) ७९ वर्षांच्या. विलेपार्ले पूर्वेला तीन मजली जुन्या इमारतीत तळमजल्यावर, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहतात. यजमान गेल्यापासून एकट्याच. मुलगी ठाण्याला, नातू नोकरीनिमित्त बंगळूरला. सकाळी कामाला बाई येते, दुपारनंतर घरात दुसरं कोणी नसतं.

घरातला लँडलाइन ऐंशीच्या दशकातला. तेव्हा फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मुंबईचे नंबर पुढे '२' लागून आठ आकडी झाले तेव्हाचा तो बदल सोडला, तर नंबर कधीच बदलला नव्हता. दोन जोडण्या होत्या, एक बाहेरच्या खोलीत आणि एक पलंगाशी.

विमलताईंच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. मोबाईल कानाला लावला की यंत्र शिट्टी मारतं. शिवाय स्क्रीनवरचं हिरवं बटण सरकवून फोन घ्यायचा, हे थरथरणाऱ्या बोटांना जमत नाही. लँडलाइनचा रिसिव्हर उचलला की बोलणं सुरू, एवढं सोपं त्यांना हवं होतं. मुलीचा सकाळ-संध्याकाळचा फोन, रत्नागिरीच्या बहिणीचा रविवारचा फोन, डॉक्टर, गॅसवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी, एवढाच वापर. बाहेर फोन क्वचितच केला जाई. दिवसभर येणारे फोन लागणं महत्त्वाचं होतं.

अडचण

२०२४ च्या पावसाळ्यात लाईनवर खरखर सुरू झाली आणि मग ती डेड झाली. लाईनमनने सांगितलं, की रस्त्याखालच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलंय. दुरुस्ती झाली. डिसेंबरात, पावसाचा थेंब नसताना, लाईन पुन्हा गेली. या वेळी लाईनमन सरळच म्हणाला, "ताई, ही तांब्याची केबल आता कोणी नवीन टाकणार नाही. जोड देत देत चालवायचं."

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीचा फायबर विकणारा मुलगा इमारतीत आला. "आजी, फोन फुकट आहे. फक्त नेटचे ३९९. कुठेही बोला, कितीही बोला."

मुलीने आम्हाला विचारलं, घेऊ का? तिला 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं होतं. पण तांब्याच्या लाईनबरोबर घराला कोणत्या गोष्टी न मागता मिळत होत्या, याची यादी आधी करावी असं आम्ही सुचवलं.

पहिली गोष्ट म्हणजे वीज. तांब्याच्या दोन तारांच्या जोडीतून एक्स्चेंजच ४८ व्होल्टचा पुरवठा करतं. त्यामागे एक्स्चेंजच्या बॅटऱ्या आणि जनरेटर असतात. म्हणून घरातले दिवे गेले तरी साधा फोन चालू राहतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून मुंबई आणि आसपासच्या भागाची वीज गेली, तेव्हा मुलीच्या घरचं इंटरनेट बंद पडलं होतं. विमलताईंचा फोन मात्र वाजत होता. त्या दिवसापासून 'आईचा फोन कधी बंद पडत नाही' हा विश्वास घरात पक्का बसला.

तो विश्वास अर्धाच खरा होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरातले लाखो लँडलाइन बंद पडले. विमलताईंचाही. वीज गेली तरी तांब्याची तार टिकते, पाण्यापुढे मात्र ती टिकतेच असं नाही. फायबरचं उलटं आहे. काचेच्या तंतूला पाण्याने गंज चढत नाही, पण त्याच्या टोकाला बसवलेल्या डब्याला घरची वीज लागते. मुलीने ही तुलना कागदावर लिहून काढली तेव्हा निर्णयाची दिशा बदलली. कुठली कंपनी चांगली, यापेक्षा विमलताईंवर कुठला बिघाड ओढवायची शक्यता जास्त, हे आधी ठरवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट नंबर. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. कंपनी बदलली की नंबर गेला. विकणाऱ्या मुलाने हे सांगितलं नव्हतं, आणि मुलीलाही ते विचारायचं सुचलं नव्हतं.

पर्याय

तांब्याची लाईन तशीच ठेवणं. करासह महिन्याला साधारण २९० रुपये. तीन वर्षांचे १०,४४०. नंबर टिकतो, फोनला घरची वीज लागत नाही. पण लाईन कधी जाईल याचा नेम नाही.

जुन्या कंपनीचंच फायबर घेणं. यात नंबर राहण्याची शक्यता होती आणि सगळ्यांना हाच पर्याय हवा होता. चौकशी केली तर इमारतीपर्यंत त्यांचं फायबर आलेलं नव्हतं, कधी येईल ते कोणी सांगेना.

नव्या कंपनीचं फायबर. त्यावर सविस्तर पुढे.

गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट घेऊन त्यावर इंटरनेट फोन चालवणं. महिन्याला सगळ्यांत स्वस्त. पण आम्ही जिन्यात जाऊन पाहिलं. मीटरच्या खोलीजवळ त्याचा एक स्विच, म्हणजे नेट घराघरांत वाटणारा डबा, लावलेला होता आणि तिथून निळ्या केबल घराघरांत गेल्या होत्या. तो स्विच इमारतीच्या कॉमन मीटरवर चालतो. म्हणजे घरात कितीही मोठा बॅटरी बॅकअप ठेवला, तरी जिन्यातली वीज गेली की फोन गेला. फायबर थेट घरात येतं तिथे वाटेतले स्प्लिटर, म्हणजे एका तंतूचे अनेक फाटे करणारे जोड, विजेशिवाय चालतात, त्यामुळे विजेची काळजी फक्त दोन टोकांची. हा फरक माहितीपत्रकात नसतो, जिन्यात उभं राहून बघितल्यावरच कळतो. हा पर्याय तिथेच खोडला.

सिमकार्डवर चालणारा टेबलफोन. दिसायला लँडलाइनसारखा, रिसिव्हर, मोठी बटणं, आत बॅटरी. किंमत अडीच हजारांच्या आसपास. जुने टेबलफोन फक्त टूजीवर चालतात, त्यामुळे फोरजीचा घ्यावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम बदलून, ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं रिचार्ज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यामुळे वर्षभराचं रिचार्ज दोन हजारांच्या आत बसत होतं. अडचण होती ती सिग्नलची. इमारतीच्या शेजारी पुनर्विकासाचा टॉवर उभा राहिलाय आणि मागच्या खोलीत मोबाईलची जेमतेम एक काडी येते.

फक्त मोबाईल हा पर्याय विमलताईंनीच बाद केला. "मला ऐकूच येत नाही त्यात, मग घेऊन काय करू?" त्यावर कोणी वाद घातला नाही, आणि ते योग्यच झालं.

खरा हिशेब

कॉलचे पैसे वेगळे लागत नाहीत, हे विकणाऱ्याचं म्हणणं खरं होतं. पण फोनवरच्या बोलण्याला दोन्ही बाजूंना साधारण शंभर केबीपीएस वेग पुरतो, आणि प्लॅन ३० एमबीपीएसचा होता. म्हणजे फोनसाठी लागणाऱ्या वेगाच्या तीनशेपट वेगाचे पैसे भरून फोन 'फुकट' मिळत होता. नेट वापरणाऱ्या घराला ते परवडतं. विमलताईंच्या घरी तेव्हा नेट वापरणारं कोणी नव्हतं.

३९९ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१. तीन वर्षांचे साधारण १६,९५०. फायबरच्या डब्याला सतत सुमारे १० वॅट लागतात, ते वर्षाला ८८ युनिटच्या जवळ जातं. युनिटला ९ रुपये धरून तीन वर्षांचे २,३७० रुपये त्यांच्याच वीजबिलात येणार. राऊटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस १,६०० रुपयांचा. लिथियम बॅटरी तीन वर्षं पूर्ण ताकदीने चालेल असं धरणं धाडसाचं, म्हणून दोन धरले, ३,२००. कंपनी फोनचं यंत्र देत नाही, वायरचा नवा फोन ८००. आणि जुना नंबर चार महिने समांतर चालू ठेवायचा खर्च १,१६०.

बेरीज २४,४८०. महिन्याला ६८० रुपये.

३९९ आणि ६८० मधला फरक कोणी फसवलं म्हणून पडलेला नाही. जो भार आधी एक्स्चेंज उचलत होतं तो घराने उचलल्यावर हीच किंमत पडते. मोबाईलचं रिचार्जही सुटत नाही, कारण बँकेचा ओटीपी लँडलाइनवर येत नाही. विमलताईंचं बँक खातं मुलीच्या मोबाईलला जोडलेलं आहे, म्हणून निदान तो वेगळा खर्च नव्हता.

सिमच्या टेबलफोनचा हिशेब याच पद्धतीने केला. यंत्र २,५००, तीन वर्षांचं रिचार्ज ५,७००, मध्ये एकदा बॅटरी ४००. एकूण ८,६००, महिन्याला २४० रुपयांच्या आत.

निर्णय

नुसत्या आकड्यांवर गेलं असतं तर सिमचा फोन जिंकला असता. मुलीने फायबर निवडलं. तिची दोन कारणं होती. पलंगाशी ठेवलेला फोन वाजलाच पाहिजे, आणि तिथे सिग्नल नाही. दुसरं, नातवाने आजीला टॅब देऊ केला होता, त्यावर चेहरा बघत बोलता येईल. दुसऱ्या कारणाला तेव्हा मी फारसं वजन दिलं नव्हतं. 'आधी फोनचं बघू' असंच माझं म्हणणं होतं.

प्लॅन सहा महिन्यांचा आगाऊ घेतला, कारण मग जोडणीचे पैसे लागत नव्हते.

काय केलं

फेब्रुवारी २०२५ मध्ये जोडणी झाली. कंपनीचा मुलगा डबा दाराच्या वर, टीव्हीच्या सॉकेटला लावून निघाला होता. मुलीने त्याला थांबवलं. घरातली जुनी टेलिफोनची वायर पलंगापर्यंत जातेच, तर डब्याच्या फोनच्या पोर्टातून त्याच वायरीला जोड दिला तर दोन्ही खोल्यांत फोन राहील. तसं करता येतं, मात्र आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी घरातल्या वायरिंगपासून सोडवावी लागते. एक्स्चेंजचं व्होल्टेज आणि डब्याचं व्होल्टेज एकाच वायरीवर आलं तर डबा जळू शकतो. जुना नंबर अजून चालू ठेवायचा होता, म्हणून त्याचा फोन दारापाशीच वेगळा जोडला.

जुन्या यंत्रांपैकी एकावर फोन येत होते, पण लागत नव्हते. खालच्या बाजूला 'पी' आणि 'टी' असं छोटं बटण होतं, ते जुन्या डायल पद्धतीवर राहिलं होतं. 'टी'वर केल्यावर चालू झालं. दोन्ही यंत्रं एकदम जोडली तर घंटी मंद वाजायची, कारण अशा डब्याची घंटी वाजवायची ताकद एक्स्चेंजपेक्षा कमी असते. कमी ऐकू येणाऱ्या घरात मंद घंटी म्हणजे फोन नसल्यासारखंच. शेवटी पलंगाशी मोठ्या घंटीचा नवा फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीतला काढला.

मग सगळ्यांत उपयोगी गोष्ट केली: मेन स्विच पाडून पाहिला. डबा यूपीएसवर चालू राहिला, फोन लागला. त्याआधी मुलीने हौसेने कॉर्डलेस फोन आणला होता. तो मात्र गप्प झाला, कारण त्याच्या बेसला स्वतःची वीज लागते आणि तो भिंतीतल्या सॉकेटवर होता. कॉर्डलेस परत केला. यूपीएसच्या डब्यावर चार तास लिहिलं होतं, प्रत्यक्षात तीनच्या आसपास मिळाले. मेन स्विच पाडून बघणं हे काम जोडणीच्या दिवशीच, कंपनीचा माणूस समोर असताना करावं.

नव्या नंबरची चिठ्ठी करून बँक, गॅस एजन्सी, डॉक्टरांची फाईल, सोसायटीचं रजिस्टर, सगळीकडे दिली. फायबरच्या खात्याला नोंदवलेला मोबाईल मुलीचा ठेवला. तक्रार करायला त्याच मोबाईलवर ओटीपी येतो. तो मोबाईल बंगळूरच्या नातवाचा असता, तर प्रत्येक तक्रारीला त्याला शोधत बसावं लागलं असतं. फोनशेजारी मोठ्या अक्षरांत ११२, १०८, मुलगी आणि शेजारी, एवढेच नंबर लावले. मोबाईल नंबरांच्या आधी शून्य लिहून ठेवला, कारण जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना तो लावावाच लागतो.

काय झालं

पहिले काही महिने फोन स्वच्छ चालला. आवाज आधीपेक्षा स्पष्ट येतो असं विमलताईच म्हणाल्या. वीज दोनदा गेली, फोन गेला नाही.

मे महिन्यात गल्लीत काँक्रीटीकरणासाठी खोदकाम सुरू झालं आणि फायबर तुटलं. यूपीएस भरलेला, डब्यावर लाल दिवा, आणि फोन पाच दिवस मुका. आमच्या यादीत वीज होती, पाणी होतं, जेसीबी नव्हता. मुंबईच्या उपनगरांत त्या दिवसांत अर्धे रस्ते उघडे पडलेले असताना तो यादीत असायलाच हवा होता. तक्रार क्रमांक घेतला, बंद दिवसांची सूट मागितली. ती मिळाली, पण मागितल्यावर.

त्या पाच दिवसांत जुन्या लाईनचाही उपयोग झाला नाही. मुलगी रोज ठाण्याहून शेजाऱ्यांना फोन करायची आणि शेजारी दार वाजवून विमलताईंना सांगायचे. सहाव्या दिवशी तिने सिमचा टेबलफोन आणला. आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाईल घेऊन घरभर फिरलो. बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यात, एका कंपनीचा सिग्नल चांगला निघाला. टेबलफोन तिथे ठेवला. मागच्या खोलीतही त्याची घंटी ऐकू जाईल एवढी मोठी आहे.

जूनमध्ये जुना नंबर परत केला. अनामत रक्कम मिळायला बराच पाठपुरावा करावा लागला.

ऑगस्टमध्ये सहा महिने संपले तेव्हा प्रश्न पुन्हा मांडला. फोनपुरतं बघितलं तर आता सिमचा फोन पुरेसा होता आणि फायबर बंद करता आलं असतं. पण दरम्यान टॅबवरचं बोलणं रोजचं झालं होतं. नातू रात्री जेवताना समोर असतो. श्रवणयंत्राने नीट न पकडलेला शब्द त्याच्या ओठांवरून कळतो, म्हणून फोनपेक्षा हे बोलणं विमलताईंना जास्त सोपं जातं. याला मी आधी वजन दिलं नव्हतं, आणि आज त्या घरात फायबरचं सगळ्यांत मोठं काम तेच आहे. फायबर चालू ठेवलं, त्याचा खर्च नातू देतो आणि तो नेटचा खर्च म्हणून धरला जातो. फोनचा खर्च म्हणजे सिमचं वार्षिक रिचार्ज. हे दोन हिशेब वेगळे केल्यापासून 'फोन महाग पडतोय' ही विमलताईंची कुरकुर थांबली.

वेगळं काय करता आलं असतं

मोबाईल घेऊन घरभर सिग्नल शोधायचं काम मे महिन्याऐवजी जानेवारीत करता आलं असतं. मागच्या खोलीत सिग्नल नाही यावरून घरात सिग्नल नाही असं धरलं गेलं. सिमचा फोन आधी महिनाभर वापरून मग फायबरचा विचार केला असता, तर निर्णय शांतपणे झाला असता.

सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यामुळे मे महिन्यात कंपनी सोडायचा मार्ग प्रत्यक्षात बंद होता. मासिक प्लॅनमध्ये जोडणीचा खर्च लागला असता, पण पहिल्यांदाच घेणाऱ्या घराने ती मोकळीक विकत घ्यावी असं माझं मत आहे.

आणि जुना नंबर. चार महिने पुरतील असं वाटलं होतं, कारण नेहमीचे सगळे फोन तेवढ्या काळात येऊन गेले. पण विमलताईंची सांगलीची एक शाळेतली मैत्रीण वर्षातून एकदाच, दिवाळीत फोन करते. या दिवाळीला तिला 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू आलं. या वयात त्याचा अर्थ माणसं एकच लावतात. तिने रत्नागिरीच्या बहिणीचा नंबर कुठूनतरी मिळवला आणि आठवड्याने खुलासा झाला. जुना नंबर दिवाळीपर्यंत ठेवायला आणखी साधारण दीड हजार रुपये लागले असते. एकट्या राहणाऱ्या माणसाचा नंबर बदलताना तो निदान एक वर्ष, म्हणजे सगळे सणवार धरून, चालू ठेवावा, असं आम्ही आता प्रत्येक घरी सांगतो. जुनी लाईन खरखर करत असली तरी.

जुन्या कंपनीचं फायबर त्या गल्लीत अजून आलेलं नाही. विमलताईंच्या इमारतीचाही पुनर्विकास होणार आहे. भाड्याच्या घरात जावं लागलं तर सिमचा फोन पिशवीत घालून नेता येईल. फायबरचा नंबर तिथे नेता येतो का, हे त्या पत्त्यावर त्याच कंपनीची जोडणी आहे की नाही यावर ठरेल. घर शोधताना ते आधी विचारायचं, असं मुलीने तिच्या यादीत लिहून ठेवलं आहे.